प्रज्वलन-जुळणी, जुन्या पेट्रोल मालमोटारींची

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरातील हवा व इंधन यांचे दाबलेले मिश्रण योग्य क्षणी विजेच्या ठिणगीने पेटविण्याच्या क्रियेला प्रज्वलन म्हणतात. प्रज्वलन यंत्रणेतील झिजणारे भाग ठराविक मुदतीने बदलून, त्यांतील फटी व ठिणगीची वेळ पुन्हा नेमकी लावून घेणे म्हणजे प्रज्वलन-जुळणी होय. कार्यशाळांतून हे काम ‘ट्यूनिंग’ या नावाने ओळखले जाते. जुन्या मालमोटारींच्या बाबतीत ठिणगी-गुडदी किंवा प्लग, संपर्क-बिंदू किंवा पॉइंट, धारित्र किंवा कंडेन्सर, रोटर, वितरकाची टोपी, उच्च दाबाच्या तारा आणि प्रसंगी कॉइल हे भाग या कामात येतात. डीझेल एंजिनात इंधन केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटत असल्याने त्यात हे भाग नसतात [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. वरील सर्व भागांचे कार्य परस्परांवर अवलंबून असते. त्यामुळे दिसण्यातील सारखेपणावरून निवड न करता एंजिनाच्या निर्मात्याने दिलेल्या मापांवरून ती करणे आणि भाग ठरलेल्या क्रमानेच बसविणे, हे या कामाचे मर्म होय.

इतिहास : उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीत तयार झाला. घटमाला, कॉइल व पॉइंट यांवर चालणारी पद्धत अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक मोटारगाडीत प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पुढे सुमारे साठ वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल मोटारगाड्या व मालमोटारी याच पद्धतीवर चालल्या. भारतात जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, डी सोटो व फार्गो या नावांची वाहने बाहेर पडू लागली. महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी व पुढे निर्मिती केली. जमशेटपूर येथे १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीझ-बेंझ डीझेल मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर मोठ्या मालवाहतुकीतून पेट्रोल एंजिन झपाट्याने मागे पडले. सैन्यासाठी जबलपूर येथे निसान कंपनीच्या परवान्याने तयार झालेल्या १ टनी वाहनांत मात्र ३,९५६ घ. सेंमी.चे सहा सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन होते. अशी वाहने सैन्याच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर लिलावाने नागरी वापरात आली. सुटे भाग देशातच मिळण्याची सोय बंगलोर येथील मोटर इंडस्ट्रीज कंपनी (स्थापना १९५१, ‘मायको’ या नावाने प्रसिद्ध) आणि मद्रास येथील लुकास-टीव्हीएस (स्थापना १९६१) यांच्यामुळे झाली.

वऱ्हाडातील परिस्थिती : वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, मानोरा व कारंजा हे त्याचे सहा तालुके होत. कारंजा हे कापसाच्या व्यापाराचे जुने केंद्र मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंदमापी लोहमार्गावर होते; परंतु खेड्यांतून बाजारापर्यंतची वाहतूक बैलगाडी व पुढे मोटार यांवरच अवलंबून राहिली. प्रज्वलनाच्या दृष्टीने या प्रदेशाची तीन वैशिष्ट्ये लक्षात घ्यावी लागतात. पहिले वैशिष्ट्य उन्हाळ्याचे असून त्या काळात तापमान ४०° से.च्या वर जाते. दुसरे चढणीचे आहे. अकोल्याच्या सखल भागातून पातूर, मेडशी व मालेगाव या मार्गाने वाशिमच्या पठारावर येताना भरलेल्या वाहनाचे एंजिन बराच वेळ पूर्ण भारावर व कमी वेगाने चालते. तिसरे वैशिष्ट्य म्हणजे काळ्या जमिनीवरील कच्च्या रस्त्यांची बारीक धूळ व पावसाळ्यातील ओल. पहिल्या दोहोंचा संबंध प्लगच्या निवडीशी, तर तिसऱ्याचा वितरकाच्या निगेशी येतो.

कार्यतत्त्व : घटमालेचा ६ किंवा १२ व्होल्टचा प्रवाह किल्लीतून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात व तेथून वितरकातील पॉइंटमार्गे एंजिनाच्या सांगाड्यात जातो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते. वितरकाचा कॅम पॉइंट उघडतो, तेव्हा हे क्षेत्र एकाएकी कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांच्या द्वितीयक वेटोळ्यात १५,००० ते २५,००० व्होल्टपर्यंतचा दाब प्रवर्तित होतो. रोटर हा दाब टोपीतील योग्य अग्राकडे व तेथून तारेने प्लगकडे पोहोचवितो. वितरकाचा दंड भुजादंडाच्या निम्म्या गतीने फिरतो. सहा सिलिंडरांचे चतुर्धाव एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर दर सेकंदाला १५० ठिणग्या पडाव्या लागतात. म्हणजे दर ठिणगीसाठी पॉइंटना मिटण्यास व उघडण्यास मिळून सेकंदाचा दीडशेवा भागच मिळतो. फटीतील थोडीशी चूकही वेगात व चढणीवर का जाणवते, हे यावरून स्पष्ट होते.

भागांची निवड : प्लग निवडताना आट्यांचा व्यास, आट्यांच्या भागाची लांबी, बैठकीचा प्रकार आणि उष्णताश्रेणी या चार गोष्टी पाहतात. जुन्या एंजिनांत १४ मिमी. व काहींत १८ मिमी. व्यासाचे प्लग आढळतात. विलिस जीपच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाला १४ मिमी. व्यासाचा व ९·५ मिमी. लांबीचा प्लग लागतो. याहून लांब प्लग बसविल्यास त्याचे टोक ज्वलनकक्षात पुढे येऊन झडपेवर किंवा दट्ट्यावर आदळण्याचा धोका असतो. शिवाय उघड्या आट्यांवर काजळी बसून प्लग पुढे काढता येत नाही. आखूड प्लगमुळे ठिणगी खळग्यात पडते व मिश्रण नीट पेटत नाही.

उष्णताश्रेणी ही सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. प्लगच्या चिनी मातीच्या निरोधकाचे टोक साधारण ४५०° ते ५००° से.च्या वर तापले, तरच त्यावरील काजळी जळून जाते. तेच टोक सुमारे ९००° से.पर्यंत तापल्यास ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटू लागते. ज्या प्लगचे निरोधक टोक लांब असते त्यातील उष्णता सावकाश निघून जाते. त्याला ‘गरम’ प्लग म्हणतात. आखूड टोकाचा प्लग ‘थंड’ होय. प्लगवरील क्रमांकांवरून श्रेणी ओळखताना सावधगिरी बाळगावी लागते. बॉश व मायको यांच्या जुन्या चिन्हांकनात १४५, १७५, २२५ अशा वाढत्या अंकाने प्लग अधिक थंड होत असे. नव्या चिन्हांकनात याच्या उलट रीत असून ५, ७, ८ अशा वाढत्या अंकाने तो अधिक गरम होतो. इतर काही उत्पादकांची रीत आणखी वेगळी आहे. त्यामुळे क्रमांकांची परस्पर तुलना न करता उत्पादकाच्या तुलनातक्त्याचाच आधार घ्यावा लागतो.

झिजलेल्या एंजिनात वंगणतेल ज्वलनकक्षात शिरून प्लग वारंवार काळे पडतात. अशा वेळी एक पायरी गरम प्लग बसविण्याची प्रथा कार्यशाळांत आहे. हा तात्पुरता उपाय असून त्याने दट्ट्यावरील कड्यांची झीज झाकली जाते. पुढे एंजिनाची पूर्ण दुरुस्ती झाल्यावरही तेच प्लग राहिल्यास उन्हाळ्यात भरल्या गाडीने घाट चढताना निरोधक टोक लाल होते, मिश्रण वेळेआधी पेटते आणि दट्ट्याच्या माथ्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. प्लगच्या अल्प किंमतीपुढे नवा दट्ट्या, सिलिंडराचे पुन्हा कोरणे आणि ऐन हंगामात वाहन उभे राहणे हे नुकसान फार मोठे असते. म्हणून एंजिनाच्या दुरुस्तीनंतर निर्मात्याने सांगितलेल्या श्रेणीकडे परतणे आवश्यक असते.

कॉइल निवडताना घटमालेचा दाब आणि बाह्य रोधक यांचा विचार करतात. बाह्य रोधकाशिवाय वापरावयाच्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो. रोधकासह वापरावयाच्या कॉइलचा सुमारे निम्मा असतो. दुसऱ्या प्रकारची कॉइल रोधक न लावता थेट १२ व्होल्टला जोडल्यास जवळजवळ दुप्पट प्रवाह वाहून कॉइल तापते व पॉइंट लवकर जळतात. बाहेरून दोन्ही कॉइली सारख्याच दिसत असल्याने ही चूक वारंवार होते. ६ व्होल्टची मूळ यंत्रणा १२ व्होल्टवर नेलेल्या वाहनात कॉइल बदलली आहे की नाही, हेही तपासतात. तसेच प्लगच्या मधल्या अग्रावर ऋण विद्युत् भार यावा अशा रीतीने कॉइलची जोडणी असावी लागते. तापलेल्या मधल्या अग्राकडून इलेक्ट्रॉन सहज सुटतात; जोडणी उलट झाल्यास ठिणगीसाठी अधिक दाब लागतो. जुन्या काही वाहनांत घटमालेचे धनाग्र सांगाड्याला जोडलेले असे. ती पद्धत बदलली असल्यास कॉइलच्या दोन बारीक तारांचीही अदलाबदल करावी लागते.

कंडेन्सर पॉइंटना समांतर जोडलेला असतो. पॉइंट उघडताना तेथे होणारी ठिणगी तो शोषून घेतो आणि कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळण्यास मदत करतो. त्याची धारिता सामान्यतः ०·१८ ते ०·२८ मायक्रोफॅराड असते. धारिता फार कमी वा फार जास्त असल्यास एका पॉइंटवरील धातू दुसऱ्यावर जाऊन एकावर उंचवटा व दुसऱ्यावर खळगा तयार होतो. पॉइंट काढल्यावर असे दिसल्यास कंडेन्सर बदलणे इष्ट असते. बरीच वर्षे दुकानात पडून राहिलेला कंडेन्सर न वापरलेला असूनही निकामी असू शकतो. म्हणून तो मापून घेणे व जुना चांगला कंडेन्सर राखीव ठेवणे सोयीचे ठरते.

टोपी, रोटर व तारा यांची पाहणी उजेडात करतात. टोपीच्या आतल्या बाजूस केसासारखी काळी रेघ दिसल्यास ती कोळशाची वाट असून तिच्यातून प्रवाह भलत्याच अग्राकडे जातो. ही रेघ खरवडून जात नाही. टोपीच बदलावी लागते. मधल्या कोळशाच्या कांडीची स्प्रिंग मोकळी हवी. तारा बदलताना तांब्याच्या गाभ्याची तार व रोध असलेल्या कार्बन गाभ्याची तार यांची सरमिसळ करीत नाहीत.

बसविण्याचा क्रम : प्रज्वलन-जुळणी ही यांत्रिक तपासणीनंतरच करतात. हवागाळणी स्वच्छ करून, झडपांच्या फटी लावून प्रत्येक सिलिंडरातील संपीडन दाब मोजतात. एखाद्या सिलिंडराचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असल्यास नवीन प्लगने दोष जात नाही. काम सुरू करण्यापूर्वी घटमालेची जोडणी काढतात, वाहन न्यूट्रलमध्ये ठेवतात आणि चाकांना दगड लावतात. एंजिन थंड असताना प्रत्येक तारेला सिलिंडराचा क्रमांक बांधून, प्लगच्या खळग्यातील धूळ हवेने उडवून मगच प्लग काढतात. अन्यथा ही धूळ सिलिंडरात पडते.

काढलेले प्लग क्रमाने मांडल्यास प्रत्येक सिलिंडराची स्थिती कळते. कोरडी काळी काजळी मिश्रण दाट असल्याचे किंवा प्लग थंड असल्याचे दर्शविते, तर तेलकट काळेपणा कड्यांची अथवा झडपांच्या मार्गदर्शकांची झीज दाखवितो. पांढरे, फोड आलेले टोक अतितापाचे लक्षण होय. जुन्या पुस्तिकांत निरोगी प्लगचा रंग करडा-तपकिरी सांगितला असला, तरी तो अंशतः पेट्रोलातील शिशाच्या संयुगांमुळे येत असे. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. त्यामुळे आता निरोगी प्लगचाही रंग फिकट दिसतो व त्यावरून घाईने निष्कर्ष काढता येत नाही.

नव्या प्लगची फट बसविण्यापूर्वी मोजतात. जीपच्या एंजिनासाठी ती ०·७५ मिमी. असते. फट कमीजास्त करताना फक्त बाजूचे अग्र वाकवितात. मधल्या अग्रावर जोर दिल्यास निरोधक तडकतो. प्लग प्रथम हाताने पूर्ण फिरवितात. वायसर नवीन असल्यास त्यानंतर पान्याने अर्ध्या ते दोनतृतीयांश फेऱ्याइतका, व जुना असल्यास पाव फेऱ्याइतका आवळतात. सैल प्लगमधून उष्णता सिलिंडर-माथ्याकडे नीट जात नाही व योग्य श्रेणीचा प्लगही गरम प्लगसारखा वागू लागतो.

पॉइंटचा नवा संच बसविण्यापूर्वी त्यावरील संरक्षक तेल पुसून काढतात. दोन्ही पृष्ठे समोरासमोर व समांतर टेकली पाहिजेत. एंजिन हाताने फिरवून पॉइंटचा घासणारा ठोकळा कॅमच्या उंचवट्यावर आणतात आणि फीलर गेजने फट लावून स्क्रू आवळतात. आवळताना फट सरकत असल्याने ती पुन्हा मोजतात. जीपच्या वितरकात ही फट ०·५ मिमी. असते, इतर एंजिनांसाठी निर्मात्याचे माप पाहावे लागते. वापरलेल्या पॉइंटवर उंचवटा असल्यास गेजची पट्टी त्यावरच टेकून खोटे माप दाखविते. अशा वेळी पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन उपकरणाने मोजणे अधिक विश्वसनीय असते. कॅमवर वंगणाचा अगदी पातळ थर व रोटरखालील नमद्यावर तेलाचे दोन-तीन थेंब देतात. जास्त वंगण पॉइंटवर उडून ते जळतात. रोटर हाताने थोडा पिळून सोडल्यावर तो आपोआप मागे यावा. न आल्यास वेगानुसार ठिणगी पुढे सरकविणारी वजने अडकलेली असतात.

ठिणगीची वेळ नेहमी पॉइंटनंतर लावतात, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडून ठिणगी आधी पडते व फट कमी झाली की ती उशिरा पडते. वेळ आधी लावून नंतर फट बदलल्यास पहिले काम वाया जाते. पहिल्या सिलिंडराचा दट्ट्या संपीडन धावेच्या अखेरीस आणून भुजादंडाच्या कप्पीवरील किंवा प्रचक्रावरील खूण स्थिर काट्यासमोर आणतात. कॉइलच्या वितरकाकडील अग्रापासून सांगाड्यापर्यंत एक छोटा दिवा जोडून किल्ली चालू करतात. वितरक सैल करून सावकाश फिरविताना दिवा ज्या क्षणी लागतो, त्या क्षणी पॉइंट उघडलेले असतात; तेथेच वितरक आवळतात. वितरक रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरविल्यास ठिणगी आधी पडते. पॉइंट मिटलेले व एंजिन बंद असताना किल्ली फार वेळ चालू ठेवल्यास कॉइल तापते. सरळ रांगेतील चार सिलिंडरांच्या जीप एंजिनाचा प्रज्वलनक्रम १-३-४-२ असून सहा सिलिंडरांच्या बहुतेक सरळ एंजिनांचा १-५-३-६-२-४ असतो. तारा याच क्रमाने, रोटरच्या दिशेने लावतात. कार्ब्युरेटरची जुळणी सर्वांत शेवटी करतात [⟶ कार्ब्युरेटर].

इंधन व वेळ : ठिणगीची योग्य वेळ इंधनाच्या ज्वलनवेगावर अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई असताना भारतातील अनेक बसगाड्या व मालमोटारी लोणारी कोळशापासून मिळणाऱ्या वायूवर चालविण्यात आल्या. हा वायू सावकाश जळत असल्याने ठिणगी बरीच आधी पाडावी लागे आणि पुन्हा पेट्रोलवर येताना ती वेळ मागे घ्यावी लागे. जुन्या एंजिनांचे संपीडन गुणोत्तर कमी असल्याने आजच्या अधिक ऑक्टेन अंकाच्या पेट्रोलवर ती सहसा ठोका देत नाहीत. मात्र २०२५ पर्यंत देशभर प्रचारात आलेल्या २०% एथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या कार्ब्युरेटरमधून मिळणारे मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ होते. अशा वेळी प्लग पांढरे दिसू लागल्यास ठिणगीची वेळ न बदलता प्रथम कार्ब्युरेटरचे मिश्रण व इंधनाच्या रबरी नळ्या तपासणे योग्य असते.

निगा : घासणारा ठोकळा झिजला की पॉइंटची फट हळूहळू कमी होऊन ठिणगी उशिरा पडू लागते. एंजिन तापणे, ओढ कमी होणे व पेट्रोल अधिक लागणे ही त्याची लक्षणे होत. धुळीच्या रस्त्यांवर ही झीज लवकर होत असल्याने वितरकाची टोपी वेळोवेळी उघडून फट मोजतात. पावसाळ्यापूर्वी टोपी, तारा व कॉइलचे तोंड पुसून कोरडे करतात आणि तडकलेली रबरी आवरणे बदलतात.

एकोणीसशे सत्तरीच्या दशकापासून पॉइंटऐवजी ट्रँझिस्टर वापरणाऱ्या इलेक्ट्रॉनीय यंत्रणा प्रचारात आल्या. जुन्या वितरकातच बसणारे त्यांचे संच मिळतात व त्यांत फट झिजण्याचा प्रश्न उरत नाही. तथापि त्यांनाही ठराविक रोधाची कॉइल, सुदृढ घटमाला आणि योग्य श्रेणीचे प्लग लागतातच. असा संच वाटेत निकामी झाल्यास तो तेथे दुरुस्त करता येत नाही. पॉइंट मात्र साध्या पट्टीने व पेचकसाने रस्त्यावरही लावता येतात. त्यामुळे संच बसविलेल्या जुन्या वाहनातही जुळवून ठेवलेले पॉइंट व कंडेन्सर यांची एक जोडी बरोबर बाळगतात.